दादीचे नाव

आमचे फर्दापूर अजिंठा लेण्यांच्या वाटेवरचे गाव. टी पॉइंटवर मामूंचे रंगीत दगडांचे दुकान होते. 2004 च्या ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान झाले, त्यानंतर मी तिथे बसलो होतो. एका वयस्क स्विस बाईंनी माझ्या बोटावरची शाई पाहून चौकशी केली. मग म्हणाल्या, "आमच्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते 1971 साली. तेव्हा मी दोन मुलांची आई होते."

मला माझी दादी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती, पण 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत तिने मत टाकले होते.

त्याआधी फर्दापूर निजामाच्या मुलखात. सरसकट सगळ्या प्रौढांना मत तिथे नव्हतेच. थोडे पुढे गेले की इंग्रजांचा खानदेश. तिकडे 1937 साली निवडणूक झाली, पण मत शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण असणाऱ्यांना. मुसलमानांचे मतदारसंघही वेगळे. स्वतंत्र भारताच्या संविधानाने या साऱ्या अटी आणि भिंती काढून टाकल्या. वय 21 पूर्ण, एवढे पुरे. 1989 मध्ये ते 18 झाले.

दादी सांगायची, यादी करणारा दारात आला तेव्हा शेजारणी पडद्याआडून म्हणाल्या, "लिखो, रशीदकी अम्मी." तो म्हणाला, असे चालणार नाही. दादी क्षणभर थबकली. मग म्हणाली, "मेरा नाम जैनबबी. लिख लो." सरकारी कागदावर तिचे स्वतःचे नाव पहिल्यांदा आले, ते असे. त्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गळाली. कारण त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह. दादीने चिन्ह पाहून चिठ्ठी टाकली.

कुवेतमध्ये बायकांना हा हक्क 2005 साली मिळाला. सौदीत त्याच वर्षी नगरपालिकांसाठी मतदान झाले, पण फक्त पुरुषांचे; बायकांची पाळी 2015 मध्ये आली. माझा भाचा रियाधला आहे. तिथे तो परका. परदेशातल्या भारतीयांना इथे मत देण्याची सोय 2010 च्या कायद्याने झाली खरी, पण त्यासाठी स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते. मजुराला विमानाचे तिकीट कुठून परवडणार? निवडणुकीच्या दिवशी तो फोनवर एवढेच विचारतो, "अम्मीने वोट डाला ना?"

हक्क संविधानाने दिला, पण तो यादीतल्या नावावर टिकतो. आजही आमच्या मोहल्ल्यात लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे कधी माहेरीच राहतात, कधी दोन्हीकडे नसतात. म्हणून निवडणुकीआधी मी यादी घेऊन घरोघर जातो. आतून आवाज येतो, "सलीमकी बीवी लिखो."

मी तिथेच उभा राहतो आणि म्हणतो, "बेटी, तुम्हारा नाम बताओ."