गोणी भरल्यानंतर

पवना नदीच्या काठचे रस्ते वेचून साफ करण्याची स्वयंसेवी मोहीम काळेवाडीत बहुधा रविवारी सकाळी होते. सामान थोडे लागते : जाड हातमोजे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, दाताळे आणि झुडपात अडकलेले ओढायला लोखंडी आकडा. मोबाईल खिशातच ठेवावा, असे जुने कार्यकर्ते सांगतात. ते रास्तच आहे. फोटो काढून झाले की निम्मी मंडळी पांगतात.

कचरा येतो कुठून, हे उघड आहे. काळेवाडी ही कामगारांची दाट वस्ती. पहिल्या पाळीचा माणूस घंटागाडीच्या आधीच घराबाहेर पडतो, खोलीला दिवसभर कुलूप असते आणि कचऱ्याची पिशवी जाता-जाता कोपऱ्यावर पडते. पुलावरून निर्माल्य भिरकावणाऱ्याला मात्र ही सबब नाही. वेचताना चहाचे कप, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, डायपर, फाटक्या गाद्या, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी असे सगळे हाती लागते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी हटकून सापडते. प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी 2018 ची, पहिल्या गुन्ह्याला दंड 5,000 रुपये. झुडपे त्याच पिशव्यांनी लगडलेली असतात.

बाटल्या, पुठ्ठा, पत्रा भंगारात विकला जातो, म्हणून कचरावेचक तो आधीच नेतात. उरतात वेफर आणि शाम्पूची पाकिटे. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सोडवणे परवडत नाही, म्हणून त्यांना भाव नाही. गोण्या भरतात त्या यांनीच.

इथपर्यंतचे काम हौसेने होते. खरी अडचण पुढे असते. गोण्या उचलून न्यायला गाडी दहाला येईल, असे आदल्या दिवशी तोंडी ठरलेले असते. दहाला गाडी नसते. पहिला फोन सांगतो, चालक सुट्टीवर आहे. दुसरा सांगतो, नदीकाठ आमच्याकडे येत नाही. तिसरा उचललाच जात नाही. दुपारी माणसे घरी जातात, गोण्या कडेला राहतात. रात्री कुत्री त्या फाडतात. सोमवारी त्यांच्याशेजारी नव्या पिशव्या येऊन पडतात, कारण रस्त्यावर ढीग दिसला की तिथे टाकायची मुभाच मिळते. मग शेजारचा दुकानदार विचारतो, हा उकिरडा इथे केला कोणी? बोट वेचणाऱ्यांकडे जाते. टाकणाऱ्याला कोणी पाहिलेले नसते. वेचणारे मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. तक्रार होते ती उघड्यावर कचरा साठवला म्हणून त्यांचीच, आणि समजही त्यांनाच मिळते. ज्याने पिशवी भिरकावली तो त्याच रस्त्याने रोज कामावर जात असतो.

नदीतल्या कामातही हाच पेच आहे. रोटरी क्लब ऑफ वाल्हेकरवाडीने 2017 मध्ये पवना जलपर्णीमुक्त करण्याची मोहीम हाती घेतली. जलपर्णी सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते, आणि तिच्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ओली जलपर्णी बाहेर ओढणे जितके कष्टाचे, तितकेच ती काठावरून हलवणे. काठावर राहिलेला ढीग पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा नदीत जातो.

गाडी शेवटी येते ती बहुतेक वेळा फोटोमुळे. फाटलेल्या गोण्यांचा फोटो चार ग्रुपवर फिरला की जे तीन फोनांनी झाले नाही ते तासाभरात होते. तेव्हा मोबाईल खिशात ठेवण्याचा सल्ला फार मनावर घेऊ नये. माणसांचे फोटो नकोत. गोण्यांचे जरूर काढावेत, तारीख आणि वेळ दिसेल असे.

मोहीम आखणाऱ्यांनी आधी गाडी पक्की करावी. येण्याची वेळ लेखी आणि चालकाचा नंबर हाती आल्याशिवाय रविवार जाहीर करू नये. गाडी ठरत नसेल तर उचलून नेता येतील एवढ्याच गोण्या भराव्यात.