पाचवं अक्षर

बाईंना पडसं झालं नसतं, तर माझ्या नाकाचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी चौथीत. तोंड सदा उघडं, रात्री घोरणं, आणि 'माझं नाव' म्हणायला गेलो की बाहेर पडायचं 'बाझं दाव'. पोरांनी माझं नावच 'दाव्या' पाडलं होतं. आधीच्या गुरुजींनी मला मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून निम्मं ऐकूच यायचं नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं रोज नव्यानं खरं ठरायचं.

मग नव्या बाई आल्या. एके दिवशी त्यांचं नाक गच्च चोंदलेलं. हजेरीत 'मोहन'चा 'बोहद' झाला आणि वर्ग खुदखुदला. नंतर त्यांनी नेमकं मलाच वाचायला उभं केलं. मी नेहमीसारखाच वाचू लागलो. बाईंना वाटलं, पोरगं आपली नक्कल करतंय. गालावर सणसणीत चापट बसली.

चार दिवसांनी बाईंचं नाक मोकळं झालं, माझा आवाज मात्र होता तसाच. त्यांनी फळ्यावर 'प फ ब भ म' लिहिलं आणि मला म्हणायला लावलं. चार अक्षरं ठीक, पाचवं फसलं. मग 'त थ द ध न'. पुन्हा पाचवंच फसलं. बाईंनी स्वतःचं नाक चिमटीत धरून तीच ओळ म्हणून पाहिली. पाचव्या अक्षराला त्यांचाही आवाज जवळजवळ माझ्यासारखाच आला. त्या एकदम गप्प झाल्या.

'ब' आणि 'म' दोन्हींना ओठ मिटतातच. फरक पडतो तो मागच्या दाराचा. टाळूचा मागचा मऊ पडदा, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो 'म'ला खाली येतो आणि हवा नाकात चढते. 'ब'ला तो वर जाऊन वाट बंद करतो. माझं दार उघडत होतं, पण दारापलीकडे रस्ताच नव्हता.

रविवारी बाई घरी आल्या. "पोराचं डोकं चांगलं आहे, नाक बंद आहे," त्या अण्णांना म्हणाल्या. "मिरजेला दाखवून आणू."

"नाकासाठी मिरज गाठायची व्हय बाई?"

बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी तिघांची एसटीची तिकिटं त्यांनीच काढली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. चेहऱ्यावर दिसतं ते नुसतं देवडीसारखं, खरा वाडा आत. दोन्ही बाजूंना हाडांच्या तीन-तीन वळकट्या, त्यांच्यावर रक्तानं भरलेली ओली त्वचा. तिच्यावरून जाताना हवा गरम आणि दमट होते. धूळ शेंबडात अडकते आणि डोळ्यांना न दिसणारे केस तो शेंबूड घशाकडे ढकलत राहतात. वाड्याच्या मागच्या बाजूला, घशाच्या छताशी, एक मऊ गाठ असते, एडेनॉइड. टॉन्सिलचीच बहीण. लहानपणी ती सगळ्यांनाच असते, वय वाढेल तशी आक्रसते. माझी इतकी फुगली होती की तिनं अख्खी वाट अडवलेली. कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंडही तिथंच उघडतं, तेही दबलेलं. शेवटच्या बाकाचं कोडं असं सुटलं.

ऑपरेशन तोंडातूनच झालं, बाहेर एक ओरखडाही नाही. घरी आल्यावर आई एवढ्या मोठ्यानं का बोलते, हेच मला कळेना. उन्हाळ्यात गावात बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी दिली जायची. लोक नाकाला पदर लावून जायचे आणि मी आपला खुशाल तिथंच खेळायचो. वास ओळखणारी जागा नाकाच्या अगदी वरच्या छताला. तिथवर माझी हवा कधी धड पोचलीच नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदा गंधक नाकात घुसला. ओळीनं सात शिंका आल्या, आणि मी शिंकत शिंकत ते सांगायला बाईंच्या घरी पळालो.

बाई निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला गेलो. आवाजावरच माझं पोट चालतं. मुलांना मराठी शिकवतो. हे तुमचं ऋण, असं काहीतरी बोलू लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ऋण कसलं रे? चापट मारलेली मी तुला. हजेरीत तुझं नाव आलं की हात जड व्हायचा. तिकिटं काढली ती त्यापायी."

"बाई, ती चापट मी केव्हाच विसरलो."

"मी नाही विसरले."

कोण कुणाचं देणं लागतं, हे त्या दिवशी काही ठरलं नाही. चहा झाला, मी निघालो.

आता बाई नाहीत. पडसं झालं की मी अजूनही हळूच 'म' म्हणून पाहतो. 'ब' ऐकू आला की डावा गाल जरासा हुळहुळतो.