त्रासन आणि कापीआई

गिरणीत राबलेल्या माणसांच्या घरात काही शब्द जुन्या भांड्यांसारखे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतात. भिवंडी तालुक्यातल्या आमच्या दिघाशीच्या घरात असा एक शब्द आहे 'त्रासन'. आजोबा मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात होते, आणि धाकटे काका साच्यावर. लहानपणी मला वाटे, सिंहासनासारखेच हे काहीतरी असावे. फक्त बसायची सोय नसलेले!

पुढे कळले की हा शब्द मूळचा विलायती. 'थ्रॉसल' हे तिकडच्या एका गाणाऱ्या पाखराचे नाव. सूत कातणाऱ्या यंत्राची गुणगुण त्या पाखरासारखी वाटली, म्हणून इंग्रजांनी यंत्रालाच ते नाव बहाल केले. १७७९ साली सॅम्युएल क्रॉम्प्टनने दोन यंत्रांच्या संकरातून तिसरे काढले, तर त्याचे नाव पडले 'म्यूल', म्हणजे खेचर! १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली. मग यंत्रांपाठोपाठ त्यांची नावेही बोटीतून उतरली. गिरणगावात पाखराचे त्रासन झाले. काका म्हणतात, "तर्जुमा काही चुकला नाही!"

या थट्टेतून आपणही सुटलो नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या विणकरांना हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस घ्यावा लागला. त्याला ते 'सुरत' म्हणत. धागा पदोपदी तुटे, मजुरी बुडे. मग जे जे वाईट, ते ते 'सुरत'! आपल्या बिअरला कोणी 'सुरत' म्हटले म्हणून एक बिअरवाला १८६३ साली चक्क कोर्टात गेला.

साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून लँकेशायरचे विणकर ओठ ताणून, हातवारे करून, आवाजाविना बोलत. त्या बोलण्याला त्यांनी नाव दिले 'मी-मॉ'. आमच्या काकांना हे नाव ठाऊक नव्हते. विद्या मात्र पुरती येत होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तसे ते गावी परतले आणि पुढची वर्षे भिवंडीच्या यंत्रमागांवर काढली. मागांनी पोट भरले आणि कान नेले. दिवाळीत सारे घर फराळाभोवती कलकलत असते. काका मात्र एकेकाच्या ओठांकडे पाहत बसतात. ओठांवर हात धरून कोणी बोलले, की त्यांच्यापुरते ते माणूस घरातून उठून गेलेले असते.

आता भिवंडीभोवती भाताच्या खाचरांत गोदामे उभी आहेत. माझा पुतण्या अशाच एका गोदामात आहे. त्याचे शब्द वरून, साहेबाच्या खोलीतून येतात : टार्गेट, डिस्पॅच, के.पी.आय. यात ना पाखरू, ना खेचर! मला वाटले, थट्टा संपली. पण परवा तो म्हणाला, के.पी.आय. म्हणजे महिनाभराच्या कामाचे गुण; ते कमी पडले की पगार कमी. म्हणून पोरांनी तिचे नाव ठेवले आहे 'कापीआई'. महिनाअखेरीस तिचा कोप होतो!

काकांनी हे त्याच्या ओठांवरून बरोबर टिपले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "अरे, मग या देवीला नैवेद्य काय लागतो?"

पुतण्याने आवाज न काढता, ओठ चांगले ताणून उत्तर दिले, "ओव्हर-टाइम!"

काकांना ते पहिल्याच फटक्यात कळले.