सवलतीवाले उभे ऱ्हा

आठवीत गणितात मी वर्गात पहिला. तरी मधल्या सुट्टीत डबा खायच्या गोलात जागा नाही. पोरं माझी वही न्यायची, उत्तरं उतरवायची, अन् वही लांबूनच बाकावर फेकायची. हुशारीनं पोराची पत वाढते म्हणतात. कुणाच्या पोराची?

दर साली कारकून भर वर्गात यायचा. "सवलतीवाले उभे ऱ्हा." आम्ही पाच जण उभे. बाकीचे मान वळवून बघणार, हसणार. आमच्यातला एक तोंडी हिशेबात माझ्याहून तेज. पण कारकून येऊन गेला की फळ्यापाशी नुसता खडू धरून उभा. मास्तर म्हणायचे, "ह्यांची डोकीच तसली." अहो, डोकं कालचंच होतं की!

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा 2006 साली छापलेला प्रयोग वाचला, तेव्हा तोच आठवला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची पोरं, कागदावरची चक्रव्यूहाची कोडी. जात पुकारली नाही तेव्हा दलित पोरं सवर्णांच्या बरोबरीनं. सगळ्यांदेखत पुकारली, की त्यांची कोडी कमी सुटली.

तो नववीतच शाळा सोडून वीटभट्टीवर गेला. तिथं हजारी विटांचा हिशेब तोंडी सांगायचा, मुकादमानं वही उघडायच्या आत.