आखूड पडलेली लिंक

थार दोन इंच उचलून घेतली आणि मागच्या स्टॅबिलायझर बारच्या लिंक आखूड पडल्या. तयार मिळेनात. शेवटी भोसरीतल्या एका लेथवर आटे पाडलेला जाड रॉड, दोन्ही टोकांना रॉड-एंड आणि लॉकनट असा जुगाड केला. कारागीर म्हणाला, "लांबी गाडी चाकांवर उभी असताना मोजा साहेब, जॅकवर टांगलेली असताना नाही."

वळणावर गाडी कलते तेव्हा हा बार पिळवटून तिला सावरतो; त्याची ताकद चाकापर्यंत नेते ती लिंक. गावाकडच्या भावाशीही आमचं अंतर असंच वाढत गेलं, मधला दुवा मात्र जुन्याच मापाचा राहिला. तो दुवा आम्ही मोजतो दिवाळीत, कुणावर काहीच भार नसताना. भार असताना मोजायला कोण आधी बसणार, हे अजून ठरलेलं नाही.