कडू म्हणजे नेमके काय?

निगडीत राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाने बिअरवर लिहावे, हे काहीसे विपरीत दिसेल. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि चौकात तुकोबा-शिवरायांच्या भेटीचे शिल्प. शिवाय आमच्या पिढीच्या लेखी बिअरच्या दोनच जाती होत्या : 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग'. ती अतिथंड प्यायची, कारण थंडीने चव दबते. आणि ती दबावी अशीच अपेक्षा असे. चाळिशीपर्यंत मीही ती क्वचित, आणि चव टाळूनच, प्यालो.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी मला एका संध्याकाळी पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली आणि अशा ताज्या, थोड्या प्रमाणात गाळलेल्या बिअरची ओळख इथल्या लोकांना होऊ लागली. हे नाव मूळचे आपल्या देवळालीचे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांमुळे ते इंग्रजीत 'वेडसर' या अर्थाने रूढ झाले.

लाकडी फळीवर चार छोटे पेले आले. "सर, आधी वास घ्या, मग सांगा," तो म्हणाला. मी चारही चाखले आणि सांगितले, "कडू आहेत."

"ते तर सगळ्यांबद्दलच म्हणता येईल, सर."

हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेन! मुले कोणत्याही लेखकाविषयी 'भाषा ओघवती आहे' असे लिहितात, तेव्हा मी हेच म्हणतो.

मग त्याने एकेक पेला पुढे केला. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. त्यात केळे नसते. पिकल्या केळ्यात जे इस्टर असते तेच तिथे यीस्ट तयार करते. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. स्टाउटचा कडूपणा काळपट भाजलेल्या बार्लीचा, म्हणजे कॉफीच्या जवळचा. इंडिया पेल एलचा कडूपणा हॉप्सच्या फुलांचा, पपनसाच्या सालीसारखा. पाडव्याचा कडुनिंब, कारले, मेथी आणि करपलेली साखर यांतला फरक माझी जीभ लहानपणापासून जाणत होती. पण पेल्यापुढे बसल्यावर त्या सर्वांना मी एकाच विशेषणात कोंबले होते.

परतताना जुन्या महामार्गावर मला एक उत्तरपत्रिका आठवली. रसग्रहणाच्या प्रश्नात एका मुलीने लिहिले होते, की ही कविता वाचून तोंड कडू झाले, तरी ती पुन्हा वाचावीशी वाटली. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, 'रस कोणता?' तिने 'करुण' लिहिले असते तर पूर्ण गुण मिळाले असते. ज्या मुलीने खरोखर चव घेतली होती, तिच्याकडे मी लेबल मागितले होते.

नावे निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. 'स्टाउट' हा शब्द कळल्यावरच मला पुढच्या घोटात भाजलेले धान्य शोधता आले. एल आणि लागर यांतला भेद यीस्टचा आणि आंबवण्याच्या तापमानाचा आहे, हे कळल्यावर लागरचा स्वच्छ, सौम्य स्वाद मला वेगळा जाणवला. परंतु ही नावे मला घोटाबरोबर मिळाली. वर्गात मी ती वर्षानुवर्षे घोटाआधी देत आलो, आणि पुष्कळदा घोटाऐवजी.

आता पहिल्या तासाला मी कविता वाचतो आणि मुलांना एवढेच विचारतो, की काय जाणवले? कुणीतरी 'कडू' म्हणते. मग मी विचारतो, "कशासारखे?" त्या मुलीला मात्र हा प्रश्न मी विचारला नाही. तिची उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल.