न्यू ऑर्लीन्समधील आठ दिवस

साहाय्य करणे सोपे, घेणे कठीण, असे आमची आजी म्हणत असे. या बोलण्याचा खरा अर्थ मला उमगला तो पुण्यापासून हजारो मैलांवर, मिसिसिपी नदीच्या काठच्या एका शहरात. आणि तोही वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेल्यावर. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

२००७ सालच्या उन्हाळ्यात मी धाकट्या भावाकडे अमेरिकेतील ओहायो राज्यात राहावयास गेले होते. त्याचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या एका शाळासोबत्याच्या चर्चमधील तरुण मंडळी, वादळाने उद्ध्वस्त झालेली घरे पुन्हा उभी करण्याच्या कामी, आठ दिवसांसाठी न्यू ऑर्लीन्स येथे जाणार होती, व त्यांनी यालाही बोलाविले होते. अशा प्रवासास तिकडे ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. मिशन हा शब्द कानी पडताच भावजयीच्या कपाळाला आठी पडली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. दुष्काळ, अन्न आणि धर्मांतर यांची आपल्याकडील जुनी सांगड सुशिक्षित घरांतूनही अद्याप विसरली गेलेली नाही. दोन दिवस घरात वाद चालला. अखेर, “आत्या बरोबर जात असतील तर जा,” असा निकाल लागला. चर्चच्या मंडळींनाही स्वयंपाकात हात देणारे एक प्रौढ माणूस हवेच होते.

बावीस मुले-मुली, आम्ही सहा प्रौढ आणि तीन मोटारगाड्या, असा आमचा काफिला निघाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाँचरट्रेन सरोवरावरील जोडपूल लागला. २९ ऑगस्ट २००५ रोजी आलेल्या कत्रिना या चक्रीवादळाने या पुलाचे अनेक गाळे जागचे सरकवून दिले होते, कित्येक पाण्यात लोटले होते. एका पुलाचे शाबूत गाळे काढून दुसऱ्यास बसविले, आणि रहदारी पुन्हा सुरू केली, असे आमच्या पुढाऱ्याने सांगितले. गाडीतील गाणी तेथे आपोआप थांबली.

हे शहर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले. नदीने शतकानुशतके आणून टाकलेल्या गाळाने तिच्या काठची जमीन उंचावली आहे, व जुनी वस्ती त्या उंचवट्यावरच आहे. मागे सरोवराच्या अंगास पूर्वी दलदल होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठमोठे पंप बसवून ती कोरडी केली व तीवर नव्या पेठा वसल्या. परंतु पाणी निघून गेल्याने ती जमीन खचत गेली, आणि जवळजवळ निम्मे शहर समुद्रसपाटीखाली गेले. तेथे पावसाचे पाणीही पंपांनी उचलून कालव्यांवाटे सरोवरात सोडावे लागते. वादळात सरोवराचे पाणी उलट याच कालव्यांत शिरले, काठच्या भिंती फुटल्या, आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. कित्येक पेठांत पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिले. त्यातही लंडन ॲव्हेन्यू कालव्याची गोष्ट अशी की, पाणी भिंतींच्या माथ्यापर्यंत चढण्यापूर्वीच त्या कोसळल्या. त्यांच्या आराखड्यातच दोष होता, हे अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने २००६ साली कबूल केले. तेव्हा केवळ निसर्गाचा कोप म्हणून हात झटकण्याजोगे हे संकट नव्हते.

आमचे काम याच कालव्यानजीक, जेंटिली नावाच्या पेठेत होते. घर एकमजली, दर्शनी विटांचे. दाराशेजारी रंगाने काढलेली मोठी फुली तशीच होती. शोध घेणाऱ्या पथकांनी घरोघर अशा फुल्या काढल्या होत्या; वरच्या खणात तारीख, डावीकडे पथकाची खूण, उजवीकडे धोक्याची सूचना आणि खालच्या खणात आत सापडलेल्या माणसांची संख्या. या घरावर शून्य होते. पलीकडच्या घरावर एकाचा आकडा होता.

घराची मालकीण सत्तरी ओलांडलेली, कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. वादळापासून ती मुलीकडे ह्यूस्टनला राहत होती. या आठवड्यासाठी मुद्दाम आली होती. दोन वर्षे होत आली तरी घर तसेच का, असे मी विचारले. पुनर्बांधणीचे सरकारी अनुदान घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, तिच्या आधाराने ठरत असे. कृष्णवर्णीयांच्या पेठांत घरांना बाजारभाव कमी. म्हणून दुरुस्ती तेवढीच असूनही अनुदान तोकडे! पुढे यावर खटला होऊन २०११ साली तडजोड झाली; परंतु २००७ साली तिच्यापाशी मजुरांना देण्याएवढे पैसे नव्हते, एवढे खरे.

मुलांनी पांढरे झगे, मुखपट्ट्या व रबरी बूट चढविले आणि काम सुरू झाले. चिकटपट्टीने बंद केलेले शीतकपाट न उघडताच बाहेर न्यावयाचे. मग गाद्या, कपाटे, पुस्तके, सगळे रस्त्याच्या कडेला टाकावयाचे. शेवटी बुरशीने काळ्या पडलेल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते फोडून घराचा लाकडी सांगाडा तेवढा उरवावयाचा. उन्हाचा कहर होता, तरी मुलांना उत्साह मोठा. लांब कोण फेकतो याची शर्यत लागली. माझ्या भाच्याने चिखलाने लडबडलेले एक खोके आणून ढिगावर भिरकावले.

झाडाखाली खुर्चीवर बसलेली ती बाई उठली. सावकाश ढिगापाशी जाऊन तिने एक गंजलेला, जड लोखंडी तवा उचलला आणि बाहीने पुसला. “बेबी,” ती म्हणाली (तेथे लहानथोर सर्वांना याच नावाने हाक मारतात), “हा माझ्या आजीचा आहे. टाकण्याआधी विचारीत जा.” आवाजात राग मुळीच नव्हता, आणि म्हणूनच पोराचा चेहरा लाल झाला.

मला त्या क्षणी १२ जुलै १९६१ आठवला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पानशेत फुटले, खडकवासल्याने त्याची वाट धरली, आणि आमचे नारायण पेठेतील घर पाण्याखाली गेले. ते धरणही नवे, पुरते बांधून व्हावयाचे होते. पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो तो घरात गुडघाभर चिखल. कॉलेजातले काही विद्यार्थी घमेली-फावडी घेऊन गल्लीत शिरले होते. आजी देवघराच्या उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. सोवळ्यावाचून आत कोणी जावयाचे नाही! एक मुलगा उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाला, “आजी, देव कोठे आहेत तेवढे सांगा. तुम्ही म्हणाल तरच काढून देतो.” आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “समोरच्या कोनाड्यात पाहा.” त्याने एकेक देव चिखलातून काढून दिला, आणि जिने जन्मभर दुसऱ्यांच्या ओंजळी भरल्या, त्या आजीने पदर पसरून तो घेतला. तिने त्याचे नाव विचारले नाही, की जात विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने झाडाखाली एक चादर अंथरली. शंका येईल ती प्रत्येक वस्तू मुले त्या बाईपुढे नेऊ लागली. ती म्हणे, “ठेवा,” किंवा, “जाऊ द्या.” छायाचित्रांवरचे चेहरे पाण्याने धुऊन गेले होते, तरी प्रत्येक हातात घेऊन, क्षणभर पाहून मगच ती म्हणे, “जाऊ द्या.” तीन दिवसांचे काम चार दिवसांवर गेले. चादरीवर उरले ते इतकेच: तवा, दोन काचेची भांडी आणि शाळेची एक पितळी हातघंटा.

रात्री आम्ही तेथील एका चर्चच्या दिवाणखान्यात निजत असू. सोमवारी तांबड्या घेवड्याची उसळ व भात, हा त्या शहराचा जुना रिवाज. मांस घालण्यापूर्वी माझा वाटा निराळा काढीत. रात्री प्रार्थना होई. भाचा मान लववून बसे; त्याला कोणी म्हण म्हटले नाही, की ऊठ म्हटले नाही. एके रात्री मी पुढाऱ्यास स्पष्टच विचारले, “अठ्ठावीस माणसांच्या प्रवासाचा हा पैसा इथल्या मजुरांना दिला असता तर?” तो म्हणाला, “हा हिशेब मीही करतो. आमच्यामुळे एक घर मोकळे होते हे खरे. पण अर्धा लाभ आमच्या मुलांचाच आहे. तो उपकार म्हणून मिरवू नये, एवढेच मी त्यांना सांगतो.” या प्रांजळपणाने माझ्या मनातील किल्मिष बरेच धुतले गेले.

शेवटच्या सायंकाळी ती बाई चर्चच्या स्वयंपाकघरात आली. मीठ-तेलाने घासून लख्ख केलेल्या त्या तव्यात तिने मक्याची जाड पोळी भाजली, आणि स्वतःच्या हाताने तुकडे मोडून आम्हा सर्वांना वाढले. आठ दिवस घेतले, आता तिला द्यावयाचे होते. त्या पिठात काय काय कालविले आहे, हे जन्मात प्रथमच न विचारता मी तो घास खाल्ला.

त्या शहराची लोकवस्ती २००० सालच्या खानेसुमारीत ४,८४,६७४ होती; २०२० साली ती ३,८३,९९७ भरली. पुष्कळजण परतलेच नाहीत. ही बाई मात्र परतली. दीड वर्षाने तिचे पत्र आले, तव्याच्या कुशलासह!

आम्ही घरी पोचलो तेव्हा भावजयीने दारातच मुलास विचारले, “काय रे, धर्म बदलून आलास की काय?”

तो पायांतले बूट काढीत म्हणाला, “नाही, आई. पण आत्याच्या देव्हाऱ्यातले निर्माल्य काढताना आता आधी तिला विचारीन.”